खांदा किंवा कोपर दुखावलं तर काय करायचं, काय अजिबात नाही

पावसाळा लागला की आमच्याकडे ठरलेले पेशंट येतात, स्कूटर घसरली आणि हात टेकला, अंगणातल्या शेवाळावरून पाय सरकला, चिऱ्याच्या पायरीवर आपटले. मग चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची लाकडी चौकट, बांधताना दिवसभर हात वर धरून खांदा भरून आलेले, स्टुलावरून पडलेले आणि नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, नारळ किसून किसून कोपर धरलेल्या बायका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोव्यात फोंड्याच्या बाजूला काम करते, आणि बघते ते असं की पुष्कळ जण येतात तेव्हा दोन-तीन आठवडे उलटून गेलेले असतात, मधल्या काळात कुणीतरी तेल लावून जोरात चोळलेलं असतं, कुणीतरी ओढून "बसवलेलं" असतं, नाहीतर भीतीने हात गळ्यात अडकवून तसाच ठेवलेला असतो. हाताला कधी गप्प ठेवायचं आणि कधी हलवायचं एवढं नीट कळलं ना, तर निम्मा त्रास तिथेच वाचतो. कुठल्या दुखण्यात काय करायचं ते सांगते.

आधी हे बघा, बाकी सगळं नंतर

पडल्यावर खांद्याचा किंवा कोपराचा आकारच बदललेला दिसतोय, हाड कातडीला आतून टोचतंय किंवा जखमेतून बाहेर आलंय, बोटं थंड, पांढरी किंवा निळसर पडलीत, बोटं हलत नाहीत, हाताला बधिरपणा आलाय, यातलं एक जरी असेल तरी घरी काहीही प्रयोग नकोत, १०८ ला फोन करा किंवा गाडीने सरळ इस्पितळात जा.

दुसरं, काही मार लागलेला नसताना डावा खांदा दुखतोय, सोबत छातीत दडपण, घाम, दम लागणं, मळमळ असेल तर ते खांद्याचं दुखणं समजू नका, हार्ट अटॅक असू शकतो. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये छातीत कळ न येताही अटॅक येतो, त्यामुळे "गॅस असेल, बाम लावते" करत बसू नका. हा पण १०८ चाच मामला.

तिसरं, सांधा लाल, गरम, सुजलेला आणि वर ताप. सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं.

पहिले दोन-तीन दिवस

सगळ्यात आधी अंगठी, बांगड्या, कडं, घड्याळ काढा. हे लोक विसरतात आणि दोन तासांत हात एवढा सुजतो की बांगडी फोडावी लागते, अंगठी कापावी लागते. सौभाग्याचं लेणं म्हणून बांगड्या काढायला कचरतात ते मी समजू शकते, पण त्या वेळी आधी हात वाचवायचा.

हात झोळीत ठेवायचा. मेडिकलमध्ये आर्म पाऊच मिळतो, तो नसेल तर ओढणी, पंचा, काहीही चालतं. पंजा कोपरापेक्षा थोडा वर राहिला पाहिजे आणि बोटं बाहेर दिसली पाहिजेत, म्हणजे रंग बघता येतो. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर नको. पहिले ४८ ते ७२ तास शेक नाही, गरम तेल नाही, चोळणं नाही, दारूही नाही, या सगळ्यांनी सूज आणि आतला रक्तस्राव वाढतो.

दुखण्यावर पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीचा त्रास, अल्सर, हार्टचं दुखणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर मनाने घ्यायच्या नाहीत. आपल्याकडे पावसात डेंग्यू असतो, ताप असेल तेव्हा तर या गोळ्या नकोच.

हाड मोडल्याची किंवा सांधा निखळल्याची शंका असेल तर इस्पितळात पोचेपर्यंत पेशंटला काही खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं. माया म्हणून चहा-बिस्कीट देतात आणि मग ऑपरेशन काही तास पुढे ढकलावं लागतं.

खांदा निखळला तर

खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेला नारळ, गोळा मोठा आणि खोबण उथळ, म्हणून तो चहूकडे फिरतो आणि म्हणूनच सगळ्यात जास्त निखळतोही. बहुतेक वेळा गोळा पुढच्या बाजूला सटकतो. फुटबॉलचा गोलकीपर हात लांब करून पडला, व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारताना हात मागे गेला, स्कूटरवरून पडला, की खांद्याची गोलाई जाते, तिथे चौकोनी कोपरा दिसतो, आणि माणूस दुसऱ्या हाताने तो हात सांभाळत बसतो.

मैदानावर कुणीतरी असतोच ज्याला "बसवता येतं". काखेत पाय देऊन हात ओढू नका, ओढू देऊ नका. निखळताना कधीकधी हाडाचा तुकडाही उडालेला असतो, आणि खांद्याच्या खालून जाणारी नस (नर्व्ह) ताणली गेलेली असते, आंधळेपणाने ओढलं की हाड पूर्ण मोडू शकतं. इस्पितळात आधी एक्स-रे काढतात, खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का बघतात, मग झोप आणणारं किंवा दुखणं मारणारं औषध देऊन सांधा हळूच बसवतात आणि परत एक्स-रे काढतात. हे काम चांगल्या हातात पाच-दहा मिनिटांचं असतं.

बसवल्यावर एक ते तीन आठवडे झोळी. त्या काळात बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं, खांदा मात्र बाहेर फिरवून वर न्यायचा नाही (बॉल फेकायच्या वेळी हात असतो तशा स्थितीत). मग हळूहळू हालचाल, मग ताकदीचे व्यायाम, आणि खेळायला परत साधारण तीन-चार महिन्यांनी. पोरं ऐकत नाहीत, दुखायचं थांबलं की महिन्याभरात मैदानात. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूंचा खांदा परत निखळायचं प्रमाण निम्म्याहून जास्त आहे, आणि प्रत्येक वेळी आतलं नुकसान वाढत जातं. म्हणून या वयात, खासकरून धक्काबुक्कीचे खेळ खेळणाऱ्यांना, खोबणीची फाटलेली कड दुर्बिणीने शिवायचं ऑपरेशन लवकर सुचवतात. ते सुचवलं म्हणजे डॉक्टर पैसे काढायला बघतोय असं समजू नका, सल्ला रास्त आहे.

चाळिशीनंतर खांदा निखळला तर गोष्ट वेगळी. परत निखळायची भीती कमी, पण खांदा उचलणारे स्नायू फाटलेले असण्याची शक्यता जास्त. बसवून दोन आठवडे झाले तरी हात स्वतःहून वर उचलता येत नसेल तर "हळूहळू होईल" म्हणून थांबू नका, सोनोग्राफी किंवा एमआरआय विचारा.

आणखी एक, फिट येऊन गेल्यावर किंवा करंट लागल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. तो बाहेरून फारसा दिसत नाही आणि समोरून काढलेल्या एक्स-रेमध्येही निसटतो. अशा वेळी हात बाहेरच्या बाजूला अजिबात फिरत नसेल तर डॉक्टरना फिट किंवा करंटची गोष्ट सांगाच, बाजूने एक्स-रे काढून घ्या.

कॉलरबोन आणि वयस्कर माणसांचा खांदा

कॉलरबोन मोडलं की लोक घाबरतात, पण बहुतेक वेळा साध्या झोळीत ते जुळून येतं, लहान मुलांचं तीन-चार आठवड्यांत, मोठ्यांचं सहा ते बारा आठवड्यांत. पाठीवरून आठाच्या आकारात बांधायचा पट्टा पूर्वी सर्रास देत, त्याने झोळीपेक्षा जास्त काही साधत नाही, काखेत काचतो मात्र. हाड जुळल्यावर तिथे गाठ हाताला लागते, ती राहते, त्याने काही बिघडत नाही. टोक कातडीला फाडायला आलंय, दोन तुकडे एकमेकांवर चढून हाड बरंच आखूड झालंय, नस किंवा रक्तवाहिनी दबलीये, अशा वेळी प्लेट बसवतात.

घरात आजी पडली, खांद्याजवळ हाड मोडलं, दोन दिवसांनी काळंनिळं छातीवर आणि कोपरापर्यंत उतरलं, ते बघून घरचे हादरतात. ते वरचं रक्त खाली उतरतंय, नवीन काही झालेलं नाही. यातली बरीचशी फ्रॅक्चर विनाऑपरेशन बरी होतात, पण एक-दोन आठवड्यांत डॉक्टर परवानगी देतील तेव्हा हात खाली लोंबकळत सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा व्यायाम सुरू व्हायलाच हवा, नाहीतर हाड जुळतं आणि खांदा जखडतो. आणि उभ्या उभ्या पडून हाड मोडलं असेल तर हाडं ठिसूळ झालीत, त्याची डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी) तपासणी आणि औषध याबद्दल विचारून घ्या, पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं.

न पडता खांदा दुखतोय: घरच्या घरी एक परीक्षा

पेशंट येऊन सांगतात, "हात वयर वचना", म्हणजे हात वर जात नाही. बरोबर, पण तो का जात नाही यावर सगळं ठरतं. खुर्चीत बसा, कोपर अंगाला चिकटवा आणि काटकोनात वाकवा, आता पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दुसऱ्या हाताशी तुलना करा. मग घरच्या कुणालातरी सांगा, तुम्ही हात ढिला सोडायचा आणि त्याने हळूच तो बाहेर फिरवायचा, नंतर वर उचलायचा. त्यानेही हात अडतोच, जणू आत कुलूप लागलंय, तर बहुधा फ्रोझन शोल्डर, म्हणजे जखडलेला खांदा. त्याने उचलला तर हात वर जातो, पण तुम्ही स्वतः उचलायला गेलात की दुखतो किंवा खाली पडतो, तर गोष्ट बहुधा रोटेटर कफची, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार छोट्या स्नायूंची. ही परीक्षा फक्त अंदाजासाठी. संधिवातातही सांधा अडतो, म्हणून एक साधा एक्स-रे काढून घ्यावाच.

फ्रोझन शोल्डर

गोव्यात याबद्दल जास्त बोलायला हवं, कारण २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो मोठा देशव्यापी अभ्यास छापून आला त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. आणि डायबेटिस असला की फ्रोझन शोल्डर कितीतरी जास्त वेळा होतो, जास्त काळ रेंगाळतो, आणि कधी एका खांद्याचा संपला की दुसऱ्याचा सुरू होतो. थायरॉईडवाल्यांनाही होतो. वय साधारण ४० ते ६०, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. आमच्याकडे असे पेशंट येतात ज्यांना आपल्याला साखर आहे हेच माहीत नसतं, खांद्यामुळे रक्त तपासलं आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) वाढलेलं निघालं. म्हणून कारण नसताना खांदा जखडला तर आधी साखर तपासा.

आत काय होतं, तर सांध्याभोवतीचं पातळ आवरण सुजतं, मग जाड होऊन आकसतं. आधी काही महिने दुखणंच दुखणं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, ब्लाऊजचं हूक मागून लागत नाही, मागच्या खिशातून पाकीट काढता येत नाही. मग दुखणं उतरतं पण हात अडकलेलाच. मग हळूहळू सुटतो. एक ते तीन वर्षं लागू शकतात. हे ऐकून बायका रडायला येतात, पण बहुतेकांचा खांदा कामापुरता मोकळा होतो, आणि नीट उपाय केले तर मधला काळ बराच सुसह्य होतो.

उपाय कुठल्या टप्प्यावर आहात त्यावर. दुखणं जोरात असलेल्या टप्प्यात जोर लावून व्यायाम करायचा नाही, याने आवरण अजून चिडतं. या टप्प्यात सांध्यात स्टेरॉईडचं एक इंजेक्शन खूप उपयोगी पडतं, जितकं लवकर तितका फायदा जास्त. स्टेरॉईड म्हटलं की लोक दचकतात, एकदा सांध्यात दिलेलं इंजेक्शन आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्या यात फार फरक आहे. फक्त डायबेटिसवाल्यांची साखर त्यानंतर काही दिवस, कधी आठवडाभरही, वर जाते, त्या दिवसांत रोज तपासायची आणि गोळी-इन्सुलिनचं डॉक्टरना विचारायचं.

दुखणं उतरलं की ताणाचे व्यायाम. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक. मग पाठीवर झोपा, दोन्ही हातांत काठी आडवी धरा, कोपर अंगाजवळ, चांगल्या हाताने काठी ढकलून दुखऱ्या हाताचा पंजा बाहेर न्या, जिथे ताण येतो तिथे १०-१५ सेकंद थांबा, दहा वेळा. मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत जायचं, जिथपर्यंत पोचलात तिथे पेन्सिलीने खूण करा. मग पाठीमागे टॉवेल उभा धरून वरच्या हाताने खालचा हात वर ओढायचा. हे सगळं दिवसातून दोन-तीन वेळा. ताण जाणवला पाहिजे, पण रात्रभर ठणकलं तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी कमी करा. दिवसातून एकदा अर्धा तास झटून करण्यापेक्षा थोडं थोडं तीनदा केलेलं बरं.

सहा-आठ महिन्यांत काहीच फरक नाही तर सांध्यात सलाईन भरून आवरण ताणणं, भूल देऊन हात हलवून मोकळा करणं, दुर्बिणीने आवरण सोडवणं असे मार्ग आहेत. त्यानंतरही व्यायाम त्याच दिवसापासून करावा लागतो, ऑपरेशन केलं म्हणून व्यायाम सुटत नाही.

रोटेटर कफ

हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते, त्याच्या वर गेला की कमी होते, ही याची खूण. रंगकाम करणारे, सुतार, पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारे), रांपण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणारे, पोहणारे, आणि अर्थात माटोळी बांधणारे. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. दोन-तीन आठवडे खांद्याच्या वरचं काम कमी करा, पूर्ण बंद नाही, आणि ताकदीचे व्यायाम सुरू करा. काखेत छोटा टॉवेल दाबून, कोपर अंगाला, थेराबँड (व्यायामाची रबरी पट्टी) दाराच्या कडीला बांधून पंजा बाहेर ओढायचा, १०-१५ वेळा असे तीन सेट, एक दिवसाआड. त्याबरोबर खांद्याची पाती मागे-खाली ओढून धरायचा व्यायाम. बारा आठवडे तरी द्या. तीन आठवड्यांत सोडून "फिजिओचा काही उपयोग नाही" म्हणणारे पुष्कळ.

एमआरआयमध्ये "पार्शल टिअर" (अर्धवट फाट) लिहिलेलं बघून झोप उडवून घेऊ नका. साठीनंतर ज्यांचा खांदा कधी दुखलाच नाही अशा पुष्कळांच्या स्कॅनमध्येही हे सापडतं. उपचार स्कॅनचा नाही, तुमच्या दुखण्याचा करायचा. पण पडल्यावर किंवा जड वजन उचलताना एकदम कळ आली आणि तेव्हापासून हात वर जातच नाही, तर ती ताजी पूर्ण फाट असू शकते, ती काही आठवड्यांतच शिवली तर चांगली जुळते, उशीर केला की स्नायू आकसतो आणि त्यात चरबी भरते.

कोपर: इथे चोळायचं नाही म्हणजे नाही

कोपराला मार लागला, प्लास्टर निघालं, कोपर सरळ होत नाही, मग घरचे तेल लावून दाबून दाबून सरळ करतात किंवा गावठी वखद (औषध) करणाऱ्याकडे चोळायला नेतात. कोपराच्या पुढच्या स्नायूत अशा मारहाणीने चक्क हाड तयार होऊ लागतं आणि मग कोपर कायमचं अडतं. लहान मुलांत तर हे जास्तच. आजीचं प्रेम खरं असतं, हात अनुभवी असतात, तरी सांगते, आये, तेल डोक्याला लाव, कोपराला नको. कोपर ज्याचं त्याने स्वतःच्या ताकदीने हलवायचं, दुसऱ्याने ढकलायचं नाही.

पाच ते सात वर्षांचं मूल पेरीवरून (पेरूच्या झाडावरून), आंब्यावरून किंवा झोपाळ्यावरून हात टेकून पडलं आणि कोपर सुजलं, तर कोपराच्या जरा वर हाड मोडलेलं असण्याची दाट शक्यता. हे लहान मुलांतलं सगळ्यात जपायचं फ्रॅक्चर, कारण मोडलेलं टोक पुढच्या रक्तवाहिनीवर आणि नसेवर येऊ शकतं. जसा हात आहे तसा, जबरदस्तीने न वाकवता, न सरळ करता, वर्तमानपत्राची जाड घडी किंवा पुठ्ठा लावून सैल बांधा आणि निघा. घट्ट काहीही नको. बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळलेली पट्टी हे अशा मुलांच्या पंज्याचं कायमचं वाटोळं व्हायचं मोठं कारण आहे, रक्त अडतं, पुढच्या हाताचे स्नायू मरतात, बोटं नखासारखी वाकडी होऊन बसतात. प्लास्टर लागल्यानंतरही मूल सारखं रडतंय, औषधाने थांबत नाही, बोटं हलवली की किंचाळतंय, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी परत इस्पितळात न्या, सकाळची वाट बघू नका. मुलाला अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायला सांगा, गोल जमत नसेल तर तेही डॉक्टरना सांगा, नसेची खूण असते ती.

एक ते चार वर्षांच्या मुलाचं दुसरंच असतं. बसमध्ये चढवताना एका हाताने वर खेचलं, किंवा आईबाबांनी दोन बाजूंनी हात धरून झोका दिला, आणि मूल एकदम रडून हात हलवायचं बंद करतं. सूज नाही, हात लुळा अंगाजवळ, पंजा खाली वळलेला. कोपरातलं छोटं हाड आपल्या पट्ट्यातून जरा सटकलेलं असतं. डॉक्टर एका झटक्यात बसवतात आणि पोर थोड्या वेळात खेळायला लागतं, बऱ्याचदा एक्स-रेही लागत नाही. पुढे मुलाला उचलताना काखेत हात घालून उचला. पण सूज असेल, किंवा मूल पडलेलं असेल, तर हे ते नाही, आधी एक्स-रे.

मोठ्या माणसांत, पडल्यावर कोपर पूर्ण सरळ होत असेल तर फ्रॅक्चरची शक्यता बरीच कमी, सरळ होत नसेल तर एक्स-रे काढाच. हात टेकून पडल्यावर कोपराच्या बाहेरच्या बाजूचं रेडियल हेड, म्हणजे पुढच्या हातातल्या एका हाडाचं वरचं टोक, तडकतं, हाड जागेवर असेल तर थोडे दिवस झोळी आणि लगेच हालचाल, कारण कोपर हा सांधा फार लवकर जखडतो. तीन-चार आठवडे पक्कं प्लास्टर घालून बसलात तर सरळ करायला तीन-चार महिने लागतात.

जड सिलिंडर किंवा होडी उचलताना कोपराच्या पुढे "फट्" झालं, काळंनिळं पडलं, पंजा वर वळवायची ताकद गेली, तर बायसेप्सची (दंडाच्या पुढच्या स्नायूची) खालची शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, तुटली असेल. यात वेळेला महत्त्व, दोन-तीन आठवड्यांच्या आत सर्जनना दाखवायलाच हवं. खांद्याकडची वरची शीर तुटून दंडात गोळा आला तर बहुतेकदा ऑपरेशनची गरज पडत नाही.

टेनिस एल्बो

कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोटाने दाबलं की दुखतं, चहाचा कप, पाण्याची बाटली, दाराची कडी, ओला कपडा पिळणं, सगळ्यात कळ. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची शीर जिथे हाडाला चिकटते तिथला हा आजार, ३५ ते ५५ वयात जास्त. सवय नसताना एकदम खूप काम केलं की होतो, म्हणजे वर्षभर मिक्सर आणि तयार खोबरं आणि चवथीच्या दोन दिवसांत डझनभर नारळ. शिगम्यात ढोल वाजवणाऱ्या, चवथीच्या आरत्यांना घुमट वाजवणाऱ्या पोरांनाही होतो. आतल्या बाजूला दुखत असेल तर तो गोल्फर्स एल्बो, उपचार तसेच, व्यायामाची दिशा उलटी.

याचं खरं औषध वेळ आणि व्यायाम आहे. शंभरातले ऐंशी-नव्वद जण वर्षभरात विनाऑपरेशन बरे होतात. इंजेक्शनबद्दल इथे माझं मत फ्रोझन शोल्डरच्या उलट आहे, कोपरात स्टेरॉईड दिलं की सहा आठवडे जादू झाल्यासारखं वाटतं, पण वर्षाने बघितलं तर इंजेक्शन घेतलेले न घेतलेल्यांपेक्षा मागे राहतात, दुखणं परत येतं. हे चांगल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. लग्नकार्य तोंडावर आहे म्हणून कुणी इंजेक्शन मागतं, मी आधी हे सगळं सांगते.

करायचं काय, पहिले दोन आठवडे हात टेबलावर, पंजा खाली, दुसऱ्या हाताने पंज्यावर दाब द्यायचा आणि मनगट वर ढकलायचा प्रयत्न करायचा, मनगट हलू द्यायचं नाही, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा. मग अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे साधारण अर्धा किलो. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, दुसऱ्या हाताने बाटली वर न्यायची आणि दुखऱ्या हाताने तीन-चार सेकंद घेत हळूहळू खाली सोडायची. १० ते १५ वेळा, तीन सेट, दिवसातून एकदा. दहापैकी तीन-चार एवढं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते शांत झालं पाहिजे. जमायला लागलं की एक लिटरची बाटली. दोन ते तीन महिने.

पट्टा वापरायचा तर कोपराच्या टोकावर नाही, त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली जाड स्नायूवर, काम करतानाच, झोपताना नाही. आणि वस्तू उचलताना तळवा वर ठेवून उचला, पिशवी दोन हातांत वाटा, नारळ एका दिवशी सगळे न किसता तीन दिवसांत वाटून किसा आणि डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. घरातल्या पुरुषांनी आदोळीवर बसलं तर अजून उत्तम, हे मी मनापासून सांगतेय.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, खासकरून मोबाईल कानाला लावून कोपर वाकवून बोलताना किंवा हात दुमडून झोपल्यावर, तर कोपरामागची नस दबतेय. झोपताना कोपराला टॉवेल सैल गुंडाळा म्हणजे ते वाकणार नाही, कोपर टेबलावर टेकवू नका. पंज्याचे स्नायू बारीक व्हायला लागले तर थांबू नका. कोपराच्या टोकावर मऊ लिंबाएवढी गाठ आली आणि दुखत नसेल तर टेकणं बंद केलं की बहुधा जाते, लाल-गरम झाली तर वर सांगितलं तसं त्याच दिवशी दाखवा.

कुठे जायचं, काय घेऊन जायचं

गंभीर मार, लहान मुलाचं कोपर, निखळलेला सांधा यासाठी बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं आहेत. न पडता सुरू झालेल्या दुखण्यासाठी आधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा फिजिओकडे दाखवलं तरी चालतं. सहा आठवडे नीट व्यायाम करूनही फरक नसेल तर हाडांच्या डॉक्टरकडे. खाजगीत ऑपरेशन सांगितलं तर २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांसाठी, तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त जणांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. त्या ठराविक ऑपरेशनला आणि त्या इस्पितळात ती चालते का हे ॲडमिट व्हायच्या आधी काउंटरवर विचारा, कार्डाचं नूतनीकरण झालेलं आहे का तेही बघून ठेवा.

जाताना जुने एक्स-रे, फक्त रिपोर्ट नाही तर फिल्म किंवा सीडी सुद्धा, चालू गोळ्यांची पानं, शेवटचा साखरेचा रिपोर्ट घ्या. आणि मधे कुणी चोळलं असेल, ओढलं असेल, कसली पट्टी बांधली असेल तर लपवू नका, कुणी रागावलं तरी सांगा, कारण त्यावर आम्ही काय करायचं ते बदलतं. बायकांनी पुढून बटणांचा सैल ब्लाऊज किंवा शर्ट घालून यावं, खांदा तपासायला सोपं जातं, आणि दुखरा हात कपड्यात घालताना आधी, काढताना शेवटी.